अंगणवाडीचे पहिले पंधरा दिवस घरचं माणूस आत बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्याच सुमारास गावोगावी तीन वर्षांची लेकरं पहिल्यांदा अंगणवाडीत, नाहीतर तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या नर्सरीत बसवली जातात. पहिलीच्या मुलांसाठी सुरू झालेला प्रवेशोत्सव आता अंगणवाडीच्या दारातही होऊ लागला आहे. फुगे, ढोल, औक्षण, सरपंच आणि साहेबांसोबत फोटो. सहा वर्षांच्या मुलाला यात मजा वाटते. तीन वर्षांचं मूल ढोलाच्या आवाजानेच आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. फोटो झाला की आयांना सांगतात, "तुम्ही निघा आता, तुम्ही दिसल्या की जास्तच रडते." मग दाराला आतून कडी लागते.

आमचं म्हणणं या कडीबद्दल आहे. पहिले पंधरा दिवस मुलासोबत घरचं एक माणूस आधी आत, मग ओसरीत असावं, नवी मुलं एकाच दिवशी घेऊ नयेत, आणि मुलाला फसवून कोणी निघून जाऊ नये. यासाठी निधी लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही.

खेड्यातलं मूल दिवसभर चार घरी फिरतं, त्याला कसली सवय लावायची, असं पुष्कळांना वाटतं. पण ती चारही घरं त्याच्या ओळखीची असतात. काकू, शेजारची आजी, दुकानवाला बाबा ही माणसं त्याने जन्मापासून पाहिलेली असतात. अंगणवाडीत वीसपंचवीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस आणि टिनाखाली घुमणारा आवाज असतो. आई गेली म्हणजे ती परत येणार, हे तीन वर्षांच्या मुलाला अंधुक समजतं. पण कधी येणार हे मोजायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून ते रडतं. आईपासून दूर होताना रडणं मूल आठनऊ महिन्यांचं असताना सुरू होतं, पुढे कमी होतं, आणि अनोळखी जागी ठेवलं की पुन्हा उसळतं. हे रडणं म्हणजे हट्ट नव्हे आणि लाडही नव्हेत.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच त्यांच्या घरांच्या अंगणात नेली. आई भाकरी थापताना दिसते आहे आणि मूल चार पावलांवर खेळतं आहे, अशी ती मांडणी होती. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावी इमारती झाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त इमारतीबरोबर दार आलं. पंधरा दिवस ते दार उघडं ठेवायचं आहे.

तयारी आधीच्या दोन आठवड्यांत घरीच सुरू होते. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. लसीकरणाचं सत्र अनेक गावांत अंगणवाडीतच भरतं. मुलाने ती खोली पाहिलेली असते ती सुईच्या दिवशी. म्हणून मुलाला आधी तीनचार वेळा तिथे नुसतं न्यावं, सायंकाळी, अंगण रिकामं असताना. घसरगुंडीवर खेळू द्यावं, आत डोकावू द्यावं. आणि ज्या दिवशी गावात लसीकरण असेल त्या दिवशी नव्या मुलाला मुळीच आणू नये. दुसऱ्या बाळाचं किंचाळणं ऐकून बसलेलं मूल पुढचे आठ दिवस दार ओलांडत नाही.

घरी एक वाक्य बंद करायचं: "थांब, बाईकडे देतो तुले, मारन ते." वर्षभर ज्या बाईचा धाक दाखवला, तिच्याच मांडीवर लेकरू कसं बसेल?

कपडे साधे असावेत. चड्डी इलॅस्टिकची, मुलाला स्वतः खाली-वर करता येईल अशी. नाडी, चेन, बेल्ट, पिन काही नको. बटण निघेपर्यंत कपडे ओले होतात, मग इतर मुलं हसतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या रडण्याचं खरं कारण ते असतं. कापडी पिशवीत दोन जोड कपडे आणि मुलाला स्वतः उघडता येईल अशी पाण्याची बाटली ठेवावी. पिशवीवर ओळखीसाठी रंगीत दोऱ्याची खूण करावी, नाव वाचता येत नसलं तरी मूल ती ओळखतं. गळ्यातला ताईत किंवा लांब दोरा त्या वेळेपुरता दंडाला बांधावा, घसरगुंडीला अडकला तर फास बसतो. पिशवीत आईच्या जुन्या साडीचा हातभर तुकडा द्यावा, तोही न धुतलेला. मुलाला त्याच्या वासाचा आधार होतो. सेविकांनी तो "घाण आहे" म्हणून काढून घेऊ नये. काही आठवड्यांनी मूलच तो पिशवीत विसरतं.

शौचालयाची भीती वेगळी धरावी लागते. अनेक मुलं घरी परसात, उजेडात बसतात. अंगणवाडीचं शौचालय अरुंद, अंधारं, कडी वाजणारं असतं. पहिल्या दिवशी आईनेच ते दाखवावं, दार अर्धं उघडं ठेवावं. मूल घरी लघवीला, संडासला काय म्हणतं तो शब्द सेविकेला सांगून ठेवावा. सेविकेने दर दीड तासाने स्वतः विचारावं आणि मुलांना जोडीने पाठवावं. नवं मूल स्वतःहून सांगत नाही, धरून ठेवतं. मग पोट दुखतं, लघवीला जळजळ होते, शौचाला कडक होतं, आणि घरी वाटतं की अंगणवाडीच्या जेवणाने पोट बिघडलं.

आता पंधरा दिवसांचा क्रम. पहिले दोन दिवस अर्धा ते पाऊण तास पुरे. आई किंवा आजी आत, भिंतीला टेकून, रोज एकाच जागी बसेल. तिने मुलाला "जा, खेळ" म्हणून ढकलायचं नाही, शिकवायचं नाही, मोबाइल पाहायचा नाही. मूल खेळायला जातं, वळून पाहतं, परत येऊन गुडघ्याला हात लावतं, पुन्हा जातं. हे येणंजाणं हीच सवय आहे. ते होऊ द्यावं. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगून तिने ओसरीत जावं आणि पाच ते दहा मिनिटांत, मूल रडो वा न रडो, सांगितल्याप्रमाणे परत यावं. चौथ्यापाचव्या दिवशी हीच वेळ वीस-तीस मिनिटांपर्यंत न्यावी. मूल दहा मिनिटांहून जास्त वेळ सारखं रडत राहिलं, तर तिला आत बोलवावं आणि दुसऱ्या दिवशी वेळ पुन्हा कमी करावी. दुसऱ्या आठवड्यात तिने जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर राहावं, जेवण संपताना दारात दिसावं. त्यानंतर मूल जेवणानंतरही थांबू लागतं. रविवारनंतर सोमवारी वेळ वाढवू नये, शनिवारी होती तेवढीच ठेवावी. आणि सोबतचं माणूस व वेळ ही दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत. आईऐवजी आजी येणार असेल त्या दिवशी वेळ तीच राहू द्यावी.

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत रमतात. काही तिसऱ्या दिवशीच रमतात, मग दुसऱ्या आठवड्यात रडायला लागतात, कारण हे रोजचं आहे हे त्यांना तेव्हा कळतं. अशा वेळी "चांगलं जात होतं, आताच नखरे" असं म्हणून रागवू नये. क्रम दोन दिवस मागे न्यावा.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो मूल हाती देताना. आई मुलाला कडेवर घेऊन येते, सेविका हात पुढे करते आणि मूल कडेवरून ओढलं जातं. ओढलं की ते मान मागे टाकतं, लाथा मारतं, आईचा पदर मुठीत धरतं; मोठी मुलं थांबून पाहतात आणि नवी दोघंतिघं त्याच्यासोबत रडू लागतात. म्हणून मुलाने शेवटची वीसपंचवीस पावलं तरी चालत यावं. आईने दारात उकिडवं बसून त्याला सतरंजीवर उतरवावं. सेविकेनेही खाली बसावं, मूल घ्यायला हात पुढे करू नयेत. तिच्यासमोर काहीतरी सुरू असावं. ओली माती, परातीत पाणी आणि दोन वाट्या, मक्याची कणसं, लाकडी ठोकळे. पाणी ओतण्याच्या खेळाला तीन वर्षांचं मूल क्वचितच नाही म्हणतं. चिंचोके, तुरीचे दाणे, मणी मात्र नव्या मुलांसमोर ठेवू नयेत. ते नाकात, कानात जातात, घशात अडकतात, आणि पहिल्या आठवड्यात सेविकेचं लक्ष दहा ठिकाणी असतं.

मग आईने निरोप घ्यायचा, एकदाच आणि एका वाक्यात: "मी वावरात जातो. तू खिचडी खाल्ली का आजी येते तुले न्याले." घड्याळातले दोन मुलाला समजत नाहीत, खिचडी समजते. असं सांगून वळायचं आणि जायचं. खिडकीतून डोकावायचं नाही, दारात पाच मिनिटं रेंगाळायचं नाही. सर्वांत वाईट म्हणजे मूल खेळात गुंतलं पाहून गुपचूप सटकणं. त्या दिवशी शांतता मिळते. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळायलाच जात नाही, कारण खेळायला गेलं की माय नाहीशी होते हे ते शिकलेलं असतं. रात्री झोपेतही चाचपून पाहतं. ही एक चूक निस्तरायला दोन आठवडे जातात. दुकानातून कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन देण्याची सवयही लावू नये. मूल पाकीट संपेपर्यंत गप्प राहतं आणि मग जेवत नाही.

सायंकाळी "आज रडला का रे?" हा प्रश्न नको. "पाण्याचा खेळ खेळला का? कोणाच्या बाजूला बसला?" असं विचारावं.

नव्या मुलाचं माणूस एकच असावं. नवी मुलं वाटून घ्यावीत, काहींची जबाबदारी सेविकेकडे, काहींची मदतनीस ताईंकडे. सेविकेला सभा, नोंदी, भेटी असतात. मदतनीस बहुधा जागेवर असते, म्हणून जास्त रडणारं मूल तिच्याशी जोडलेलं बरं. बालविकास प्रकल्प कार्यालयांना आमची विनंती आहे की या दिवसांत सकाळचा पहिला तास पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरची माहिती, फोटो, फोन यांतून सेविकेला मोकळा द्यावा. मूल दारात येतं त्याच क्षणी सेविकेची नजर मोबाइलवर असेल, तर वर लिहिलेलं काहीही होणार नाही. माहिती दुपारी भरली तरी चालते.

नवी मुलं टप्प्याने घ्यावीत. आठ नवी असतील तर दर सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन घेतली तरी दोन आठवड्यांत सगळी येतात. एका वेळी दोनच मुलं रडत असतील तर दोन बाया सांभाळू शकतात. आठ रडत असतील तर कोणीच सांभाळू शकत नाही, आणि मग कडी लागते. रमलेली पाच वर्षांची मुलं त्या दिवसांत हजर असावीत, एकेका नव्या मुलाला एकेक जोडीदार द्यावा. उत्सव करायचाच असेल तर महिनाभराने करा, मुलं स्वतः नाचतील तेव्हा. तान्हा पोळा त्यासाठी उत्तम आहे. मातीचा नाहीतर लाकडाचा बैल घेऊन आपल्याच अंगणवाडीत मिरवण्याइतका मोठा आनंद या वयाला नाही, आणि तोवर जून-जुलैत आलेली मुलं रमलेली असतात.

खरी अडचण मजुरीची आहे, हे आम्ही जाणून आहोत. पंधरा दिवस आत बसा म्हणणं सोपं, ज्या बाईचा रोज बुडतो तिला ते परवडत नाही. म्हणून प्रवेशाची तारीख गावच्या शेतीकडे पाहून ठरवावी. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे, पेरणी आटोपल्यावर पहिलं निंदण (खुरपणी) लागेपर्यंत दोनतीन आठवडे बायांचं काम थोडं कमी असतं. नव्या मुलांसाठी तेच दिवस धरावेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात याउलट आहे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीची, म्हणजे भातलावणीची, धावपळ असते, बाया दिवसभर चिखलात असतात. तिथे जूनच्या आत मूल रमवता आलं तर ठीक, नाहीतर रोवणी संपल्यावर, धानकापणीच्या आधी सुरुवात करावी. अंगणवाडीत मूल वर्षात केव्हाही येऊ शकतं, जूनचा हट्ट कशाला? आई रोज दहा-साडेदहाला निंदणाला निघत असेल तर सकाळचा पाऊण तास तिचा आणि पुढचा आजीचा, अशी वाटणी करता येते, फक्त ती रोज सारखी असावी. शेतमालकांनीही या पंधरा दिवसांत लहान लेकराच्या आईला अर्धा तास उशिरा येऊ द्यावं आणि तिचा रोज कापू नये. बाबांनाही भिंतीला टेकून बसता येतं. ज्या घरी बाप सोबत येतो तिथेही मूल तितकंच छान रमतं.

न्यायला कोण येणार हे दोनच माणसांत ठरवून सेविकेकडे लिहून ठेवावं. चौथीतल्या बहिणीला शाळेतून उठवून पाठवण्याची रीत बंद व्हावी. धाकट्याच्या अंगणवाडीपायी थोरलीची शाळा जाते.

भाषेचा मुद्दा आमच्या भागात मोठा आहे. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, पांढरकवड्याकडे कोलामी नि गोंडी, पुसद-दिग्रसकडे बंजारा बोलणारी मुलं येतात. सेविका दुसऱ्या भाषेची असेल तर तिने त्या मुलाच्या भाषेतले दहाबारा शब्द आधी शिकावेत: आई, पाणी, भूक, शू, दुखतं, ये, बस, घरी जाऊ. बंजारा मूल 'याडी' म्हणून रडत असतं, गोंडी मूल 'एर' मागत असतं, आणि कोणाला ते कळत नसेल तर मुलासाठी ती खोली मुकी होते. आजी आत बसलेली असली तर हे शब्द आपोआप मिळतात.

कॉन्व्हेंटबद्दल थोडं. नर्सरीसाठी राज्यात वयाची अट त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण अशी आहे. म्हणजे जूनमध्ये येणारं मूल अडीच वर्षांचंही असू शकतं. त्याला टाय, बेल्ट, बूट घालून व्हॅनमध्ये दहा-बारा मोठ्या मुलांत बसवून तालुक्याला पाठवतात. पहिला महिना मुलाला व्हॅनमध्ये बसवू नये, घरच्यांनी स्वतः पोहोचवावं. संस्था पालकाला आत बसू देत नसेल तर प्रवेशाआधीच विचारावं आणि शक्य असेल तर दुसरी जागा पाहावी. अडीच वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन रेघा गिरवून घेण्याची घाई पालकांनीही करू नये.

काही मुलांकडे मात्र वेगळ्या डोळ्यांनी पाहावं लागतं. मोठ्याने रडणारं मूल सहसा लवकर सावरतं. कोपऱ्यात गप्प बसणारं, जेवणाला हात न लावणारं, दुपारपर्यंत लघवीला न जाणारं मूल "गुणाचं" म्हणून दुर्लक्षित राहतं. आजीची गरज त्याला जास्त असते. घरी पुन्हा अंथरूण ओलं करणं, रात्री दचकणं हे पहिल्या महिन्यात होतं, त्यासाठी मारू नये. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो आजार असलेल्या मुलाची माहिती पहिल्याच दिवशी सेविकेला द्यावी. अशा मुलाचं पाणी कमी पडलं किंवा ते पावसात भिजून गारठलं तर अंग दुखायला लागतं. हातपाय सुजणं, ताप, हाडं दुखतात म्हणून रडणं याला "रमत नाही" समजून बसवून ठेवू नये, लगेच आरोग्य केंद्रात न्यावं. सहा आठवडे झाले तरी मूल कोणाकडे पाहत नसेल, हाकेला वळत नसेल, एक शब्दही बोलत नसेल तर ऐकू येतं का, वाढ नीट आहे का हे तपासून घ्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; ते यायला वेळ असेल तर थांबू नये.

ग्रामपंचायतींनी एवढं करावं: अंगणवाडीच्या ओसरीवर गळत नसलेलं छप्पर, दोन सतरंज्या आणि प्यायचं पाणी. तिथे पंधरा दिवस आज्या बसणार आहेत.

आणि दिवाळीनंतर हेच पुन्हा करावं लागेल. मुलं मामाच्या गावाहून येतात, कापसाची वेचणी जोरात असते, आया अंधार पडता घरी पोहोचतात. त्या आठवड्यात मूल पुन्हा दारात अडलं तर त्याला आत ओढू नका. दोनतीन दिवस आजीला पुन्हा भिंतीला टेकून बसू द्या, वेळ अर्ध्यावर आणा, मग वाढवा. जूनमध्ये नीट रमलेलं मूल या वेळी आठवड्याच्या आतच सावरतं.

आपले नम्र,
निवृत्त मुख्य सेविका व अंगणवाडी सेविका,
यवतमाळ जिल्हा